दुसरा खण कुत्र्याचा

"जग क्रमावर चालतं," रसेल टिलब्रुक म्हणाला. "सूर्य आधी, दुपार नंतर. पेरणी आधी, कापणी नंतर. ज्या दिवशी माणसाचा क्रमावरचा विश्वास उडेल, त्या दिवशी संस्कृती संपली असं खुशाल समजा."

टालिगुरा गावच्या कौन्सिलच्या चहाच्या खोलीत हे उद्गार काढून त्यानं विजेच्या किटलीचं बटण दाबलं. किटलीत पाणी नव्हतं.

थोड्याच वेळात जळका वास सुटला, धोक्याची घंटा वाजली आणि कौन्सिलचा सगळा कर्मचारीवर्ग नियमाप्रमाणे बाहेर निलगिरीखाली जाऊन उभा राहिला. तिथेही रसेलनं आपलं म्हणणं पुढे चालू ठेवलं. त्याला कारण होतं. पर्थहून थुई नावाच्या मुलीचा ईमेल आला होता. थुईची कंपनी जनावरांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवी. तिनं नम्रपणे कळवलं होतं की यापुढे आमच्याकडून येणाऱ्या फाईलींचा क्रम ठरलेला नसेल, तरी कृपया फाईली खुणा पाहून काढाव्यात.

"मला शिकवतेय!" रसेल निलगिरीला म्हणाला. बाकीचे ऐकत नव्हते.

प्रकरण साधं होतं. टालिगुरात कुत्र्यांची नोंदणी डॉक्टरांच्या दवाखान्यात होई आणि तिथून प्रत्येक कुत्र्यामागे एक संदेश कौन्सिलच्या यंत्रणेकडे येई. हा संदेश म्हणजे खणाखणांचा डबा. वरच्या खणात पत्र: कुत्र्याचं नाव, जात, रंग, मालक कोण. खालच्या खणांत फाईली: एकात कुत्र्याचा फोटो, एकात मालकाचा, एकात लस टोचल्याचा दाखला. वरच्या पत्रात प्रत्येक फाईलची खूण दिलेली असे, की अमुक खुणेच्या खणात कुत्रा आहे आणि तमुक खुणेच्या खणात मालक. डबा उघडणाऱ्यानं आधी पत्र वाचावं आणि मग खूण जुळवून फाईल बाहेर काढावी, अशी पद्धत.

रसेल हा कौन्सिलचा एकुलता एक प्रोग्रामर. डबा उघडणारा प्रोग्राम लिहिताना त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या खणात नेहमी कुत्राच असतो आणि तिसऱ्यात नेहमी मालक. मग खुणा वाचत कशाला बसायचं? दुसरा खण उघडायचा, कुत्रा काढायचा, ओळखपत्रावर चिकटवायचा. प्रोग्राम चार ओळींत आटोपला. त्या चार ओळींचा त्याला आपल्या मुलांपेक्षा किंचित जास्तच अभिमान होता, कारण त्या उलट बोलत नसत.

थुईला त्यानं उत्तर पाठवलं: "आमच्याकडे आजवर सगळं सुरळीत आहे." ते खरंही होतं. फक्त 'आजवर' हा शब्द त्यानं जितक्या सहज लिहिला, तितका तो सहज नव्हता.

बुधवारी सकाळी मॅक्सीनचा फोन आला. मॅक्सीन ही कौन्सिलची रेंजर. मोकाट कुत्री पकडायची, कोंडवाड्यात ठेवायची आणि मालक आला की परत द्यायची, हे तिचं काम.

"रसेल, बसला आहेस ना?"

"बसलोय. का?"

"तुझे सासरे सकाळी बोल्स क्लबच्या खेळाच्या हिरवळीवर खड्डा उकरताना सापडले. पकडताना जरा झटापट झाली. आता कोंडवाड्यात आहेत. पाणी प्यायलेत. बरे आहेत."

रसेलनं विचार केला. क्लॅरी डनस्टन यांचा एकूण स्वभाव बघता यातलं काहीच अशक्य नव्हतं.

"त्यांनी खड्डा का उकरला?" त्यानं जपून विचारलं.

"मी कशाला विचारू? मी फक्त मानेतली चिप वाचली."

"क्लॅरींच्या मानेत चिप आहे?"

"अरे, कुत्र्याच्या! चिपवरून मशीन काय दाखवतंय ते सांगते तुला. नाव नगेट, जात केल्पी, रंग तांबूस. आणि फोटोत तुझे सासरे. टाय लावून."

रसेलनं घाईघाईनं स्वतःच्या पडद्यावर नोंद उघडली. खरंच, नगेटच्या ओळखपत्रावरून क्लॅरी डनस्टन त्याच्याकडे रोखून बघत होते. थुईच्या कंपनीनं क्रम मोडला होता आणि दुसऱ्या खणातून मालक निघाला होता. प्रोग्रामनं कुरकुर केली नव्हती. दुसऱ्या खणातलं काढ म्हटलं होतं, त्यानं दुसऱ्या खणातलं काढलं होतं.

"छोटीशी गडबड आहे," रसेल म्हणाला. "नगेटला सोडून दे. मी ओळखतो त्याला."

"मीही ओळखते. पण नियम काय आहे? फोटोत दिसेल तोच सोडायचा."

"मग सोड ना. फोटोत दिसतायत माझे सासरे."

"तुझे सासरे माझ्या पिंजऱ्यात नाहीत. असते तर आत्ताच्या आत्ता सोडले असते."

मॅक्सीनची बाजू समजण्यासारखी होती. मागल्या वर्षी तिनं एक ठिपक्यांचा कुत्रा चुकून दुसऱ्याच माणसाच्या ताब्यात दिला होता. कुत्रा त्या माणसावर खूश होता, माणूस कुत्र्यावर खूश होता. खरा मालक परगावाहून परतला तेव्हा कुत्र्यानं त्याला ओळख दाखवायला साफ नकार दिला. त्यानंतर हा नियम आला आणि नियमाखाली मॅक्सीनची सही घेतली गेली.

"असं कर," ती म्हणाली, "तू हातानं फोटो बदल. मी लगेच सोडते."

हातानं फोटो बदलायची सोय रसेलनं स्वतःच काढून टाकली होती. माणसं चुका करतात, प्रोग्राम करत नाही, असं त्यानं तेव्हा सभेत सांगितलं होतं आणि सभेनं टाळ्या वाजवल्या होत्या.

दुपारी क्लॅरी स्वतः आले. पिकअप त्यांनी अध्यक्षांच्या जागेवर लावला होता आणि टोपी काढली नव्हती. म्हणजे मुक्काम थोडा होता, पण विषय मोठा होता.

"जावईबापू, माझं कुत्रं कुठंय?"

"सुरक्षित आहे. जरा तांत्रिक अडचण आलीय."

"कसली?"

"फोटोची."

"त्याचा फोटो मी दिला होता."

"आलाय की. फक्त… वेगळ्या खणात आलाय."

क्लॅरींनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "हे बघ रसेल, तुझे खण तुझ्यापाशी. शनिवारी शेतकी प्रदर्शन आहे. मेंढ्या हाकायच्या स्पर्धेत नगेटचं नाव दिलंय. पुढल्या वर्षी त्याचे गुडघे साथ देणार नाहीत, आणि माझेही. हे शेवटचं. शनिवारी ते मैदानात पाहिजे."

"शनिवारच्या आत नक्की."

"पहाटे फाटक उघडं माझ्याकडूनच राहिलं," क्लॅरी दाराकडे वळत म्हणाले. "रात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. ते नसलं की घर नुसतं कोरडं पडतं." मग आपण फार बोललो असं वाटून त्यांनी दार जरा जोरात लावलं.

सासूबाई गेल्यापासून क्लॅरी ज्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलत असा टालिगुरात तो एकच जीव उरला होता, हे रसेलला माहीत होतं. संध्याकाळी बायकोनं, केरीनं, ते पुन्हा सांगितलं. "बाबांचं कुत्रं शनिवारी मैदानात दिसलं नाही ना, तर नाताळचं जेवण तू कौन्सिलच्या चहाच्या खोलीत जेवायचंस."

"किटली जळलीय तिथली," रसेल म्हणाला.

उपाय अर्थातच सोपा होता. क्रम बदलला असेल तर नवा क्रम धरायचा. क्रमावरचा विश्वास सोडायचं काही कारण नव्हतं. कुत्रा दुसऱ्या खणात नाही म्हणजे तिसऱ्यात असणार. त्यानं दोनाचे तीन केले आणि आलेले सगळे डबे पहिल्यापासून पुन्हा उघडायला लावले.

गुरुवारी सकाळी मॅक्सीन स्वतःच येऊन टेबलाशी उभी राहिली.

"नगेटचा फोटो बदललाय," ती म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"आता फोटोत लस टोचल्याचा दाखला आहे. मी पिंजऱ्याशी धरून बघितला. नगेट त्याच्याइतका चौकोनी नाहीये, आणि त्याच्यावर शिक्काही नाहीये."

नव्या पद्धतीत जी फाईल आधी तयार होई ती आधी निघे. नगेटच्या डब्यात आधी मालक, मग दाखला आणि सगळ्यात शेवटी नगेट आला होता. पण याहून वाईट गोष्ट वेगळी होती. जुने डबे जुन्या क्रमानं बरोबर होते. आता त्यांच्याही तिसऱ्या खणात हात घातला गेला होता आणि त्यातून मालक निघाले होते. काल एका कुत्र्याच्या जागी माणूस होता. आज साऱ्या गावाच्या कुत्र्यांच्या जागी सारं गाव होतं.

"बेकरीवाल्या बाईंनी फोन केला होता," मॅक्सीन सांगू लागली. "त्यांच्या नवऱ्याची नोंद 'पूडल, आक्रमक' अशी झालीय. त्या म्हणाल्या, जात चुकलीय."

"अजून कुणी?"

"कौन्सिलचे अध्यक्ष. त्यांच्या ओळखपत्रावर लिहिलंय, 'सार्वजनिक ठिकाणी तोंडाला मुसकं बंधनकारक.' त्यांना वाटतंय हे विरोधकांचं काम आहे."

रसेलनं ताबडतोब सगळं पूर्ववत केलं आणि नव्यानं विचाराला बसला. खुणा वाचायचा विचार त्याच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण खुणा वाचायच्या म्हणजे थुईचं खरं मानायचं. शिवाय चार ओळींच्या नऊ-दहा ओळी व्हायच्या. कारागिराला आपलं काम विस्कटताना जे वाटतं ते त्याला वाटलं.

आणि मग त्याला सुचलं. क्रम गेला तर गेला, आकार तर आहे! माणूस स्वतःचा फोटो देतो तो वाहन परवान्यावरचा, डाकतिकिटाएवढा, गुन्हेगारासारखा. तोच माणूस कुत्र्याचा फोटो देतो तो समुद्रकिनाऱ्यावर, मावळत्या उन्हात, केस विंचरून. म्हणजे डब्यातली सगळ्यात मोठी फाईल ही कुत्र्याचीच असणार. या शोधात तंत्रज्ञान होतं आणि मनुष्यस्वभावाचा अभ्यासही होता. पुन्हा चारच ओळी लागल्या.

या वेळी खरोखर जमलं. बेकरीवाल्या बाईंचा पूडल पूडल झाला. अध्यक्षांचं मुसकं सुटलं. रसेल नोंदीमागून नोंद उघडून बघत होता आणि प्रत्येक नोंदीतून एकेक कुत्रा जीभ बाहेर काढून त्याचं अभिनंदन करत होता. शेवटी त्यानं नगेटची नोंद उघडली.

क्लॅरी होते. आधीच्या चौपट मोठे.

कारण असं की क्लॅरींना सत्तर पूर्ण झाली तेव्हा केरीनं त्यांना हट्टानं स्टुडिओत नेऊन फोटो काढवला होता. टाय, एका बाजूनं प्रकाश, मागे निळा पडदा. तोच फोटो क्लॅरींनी नोंदणीला दिला, कारण तो आयताच होता. आणि नगेटचा फोटो त्यांनी पिकअपमध्ये बसल्या बसल्या, जुन्या फोनवर, समोरच्या काचेतून काढला होता. सगळ्या टालिगुरात कुत्र्यापेक्षा मालकाचा फोटो चांगला असलेला हा एकमेव डबा होता.

रसेल यावर विचार करत असतानाच फोन वाजला.

"कौन्सिल का? मी मर्ल हॉपगुड बोलतेय. वाचनालयातली."

मर्लबाईंना सगळं गाव ओळखत असे. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाचनालयात त्या पुस्तक परत घेताना ते खरंच वाचलं का, हे विचारून खात्री करत.

"बोला, मर्लबाई."

"तुमच्या वेबसाईटवर ते 'सापडलेले कुत्रे' म्हणून पान असतं ना, त्यावर आज एक आहे."

कोंडवाड्यात आलेल्या कुत्र्याचं पान आपोआप गावासाठी प्रसिद्ध होतं, हे रसेल विसरला होता. तो प्रोग्रामही त्याचाच होता. त्यानं पान उघडलं. निळ्या पडद्यासमोर क्लॅरी डनस्टन, पडद्यात मावत नव्हते इतके. खाली मजकूर: 'नर. वयस्कर. तांबूस, तोंडाभोवती पांढरा. बोल्स क्लबजवळ एकटा फिरताना सापडला. माणसाळलेला. खाण्याची तक्रार नाही. मेंढ्यांची आवड. कुणी न्यायला न आल्यास चांगलं घर शोधण्यात येईल.' त्याखालीही आणखी ओळी होत्या, पण रसेलला पुढे वाचवेना.

"मर्लबाई, ती चूक आहे."

"चूक कशी? मला तर सगळं वाचून पटलं. मी म्हणते, कुणी न्यायला आलं नसेल तर मी नेईन. माझं अंगण मोठं आहे."

"अहो, ते माझे सासरे आहेत."

"माहितीय मला. दर गुरुवारी येतात, घोड्यांवरची पुस्तकं नेतात. गुड डेच्या पलीकडे एक अक्षर बोलत नाहीत. इथं लिहिलंय 'माणसाळलेला'. मला वाटलं, सुधारणा झाली असेल."

"मी पान लगेच काढतो."

"काढ बाबा. मी दोन छापील प्रती घेतल्यात," असं म्हणून मर्लबाईंनी फोन ठेवला.

रसेलनं पान काढायला सांगितलं, पण कुत्रा कोंडवाड्यात आहे तोवर त्याचं पान काढता येत नाही, असं पानानं कळवलं. ही सोयदेखील त्यानंच केलेली होती. म्हणजे क्लॅरींना गावासमोरून हटवायचं तर नगेटला सोडायला हवं होतं, आणि नगेटला सोडायचं तर क्लॅरींना हटवायला हवं होतं. यंत्रणा अतिशय भक्कम बांधलेली होती.

शुक्रवारी सकाळी क्लॅरी पुन्हा आले. या वेळी त्यांनी टोपी काढली होती. ते रसेलच्या टेबलाशी आले नाहीत; परस्पर मागे कोंडवाड्याकडे गेले. खिडकीतून रसेलला दिसत होतं. क्लॅरी जाळीशी उकिडवे बसले होते आणि पलीकडून नगेट नाक लावून. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण पूर्ण वाक्यं असावीत. बराच वेळ चाललं होतं. मॅक्सीन पाठ करून उगाचच पाण्याची बादली घासत होती.

रसेलनं पर्थला फोन लावला.

"थुई? टालिगुराहून रसेल. फाईलींबद्दल जरा विचारायचं होतं."

"सगळं सुरळीत आहे ना?"

"होतं."

"खुणा वाचताय ना?"

रसेलनं खिडकीबाहेर पाहिलं. "आता वाचेन म्हणतो."

थुई हसली नाही, हे तिचे उपकार. "अवघड नाही हो. वरचं पत्र उघडायचं. त्यात कुत्र्याच्या फोटोपुढे जी खूण असेल ती धरायची. मग खाली प्रत्येक खणाच्या झाकणावरची खूण बघत जायचं. जुळली की तो खण तुमचा. तो कितवा आहे ते मोजायचंच नाही."

"मोजायचंच नाही," रसेल पुटपुटला. क्रमावर उभ्या असलेल्या माणसाला हे गिळणं जड होतं.

"आमच्याकडे सगळे सुरुवातीला मोजतात," थुई म्हणाली. "माझ्या साहेबांनी तर घोड्याच्या पासपोर्टवर स्वारालाच चिकटवलं होतं."

रसेलला बरं वाटलं. दुपारच्या जेवणाला तो उठला नाही; व्हेजिमाइट लावलेला ब्रेड तिथेच टेबलावर वाळत पडला. चार ओळींच्या अकरा ओळी झाल्या. त्या दिसायला साधारण होत्या, पण प्रत्येक ओळ विचारल्याशिवाय कुठल्याही खणात हात घालत नव्हती. त्यानं सगळे डबे पुन्हा उघडले आणि नगेटची नोंद उघडली.

समोर एक काच होती. काचेवर धूळ होती. धुळीपलीकडे एक तांबूस कुत्रा, आणि त्याच्या नाकावरून आडवा गेलेला पिकअपचा वायपर.

मॅक्सीननं मशीन पिंजऱ्यापाशी नेऊन धरलं. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा नगेटकडे.

"याच्या नाकावर वायपर नाहीये," ती म्हणाली.

"मॅक्सीन!"

"मस्करी केली रे." तिनं कडी काढली.

नगेट बाहेर आला, क्लॅरींच्या बुटांभोवती एक फेरी मारून पिकअपच्या मागच्या फळीवर उडी टाकून बसला. जणू इतके दिवस उशीर क्लॅरींनीच केला होता. क्लॅरींनी रसेलच्या दिशेनं टोपी किंचित उचलली. पानाबद्दल ते काही बोलले नाहीत. कोंडवाडा रिकामा होताच पान आपोआप नाहीसं झालं आणि रसेलनं सुटकेचा निःश्वास टाकला. क्लॅरी इंटरनेट बघत नसत. हे प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं.

शनिवारी प्रदर्शनाच्या मैदानावर चांगलं ऊन पडलं होतं. नगेट मैदानात आला तेव्हा त्याचा एक मागचा पाय जरा आखडत होता. क्लॅरींनी हळूच शीळ घातली आणि तो पाय आखडायचा थांबला. तीन मेंढ्या त्यानं पुलावरून नेल्या, खांबांमधून वळवल्या आणि मेंढवाड्याच्या तोंडाशी आणून उभ्या केल्या. दोन आत गेल्या. तिसरीनं नगेटकडे बघितलं, नगेटनं तिच्याकडे. नगेट खाली बसला. बराच वेळ कुणीच हललं नाही. कुंपणापाशी केरीनं रसेलचा दंड घट्ट धरला होता. मग मेंढीनं सुस्कारा सोडल्यासारखं केलं आणि ती आत गेली. क्लॅरींनी फाटक लावलं आणि नीट लागलंय ना ते दोनदा हलवून पाहिलं.

नगेटचा दुसरा नंबर आला. क्लॅरींनी लाल फीत त्याच्या गळ्यात बांधली आणि ते थेट कुंपणाकडे, रसेलच्या रोखानं चालू लागले. हातात घडी घातलेला कागद होता. कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला मर्लबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. रसेलला सगळं कळलं.

"केरी, बाबांशी तू आधी बोल," तो म्हणाला. पण केरी चहा आणायला गेली होती.

क्लॅरींनी कागदाची घडी उघडली. निळा पडदा, टाय, खाली मजकूर.

"हे तुझं काम?" त्यांनी विचारलं.

"क्लॅरी, मनापासून माफी मागतो. खुणा वाचायला हव्या होत्या. मी क्रमावर विसंबलो. ते पान आता नाहीये, कुणालाही दिसणार नाही, आणि पुन्हा कधी—"

"मर्लनं दिला मला. दुसरा तिनं फ्रिजवर लावलाय." क्लॅरींनी एकदा खुर्चीच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उद्या दुपारी जेवायला बोलावलंय. मला आणि नगेटला."

क्लॅरींनी कागद रसेलच्या नाकासमोर धरला आणि जाड अंगठा सगळ्यात खालच्या ओळीवर ठेवला. ही ओळ रसेलनं वाचली नव्हती. तिथं लिहिलं होतं: 'नसबंदी: झालेली आहे.'

"बाकी सगळं राहू दे," क्लॅरी म्हणाले. "एवढं 'नाही' करून उद्या सकाळपर्यंत नवी प्रत काढून देशील?"